सासूबाईंचा टॉर्च आणि हिरवा ठिपका

परवा लाईट गेली तेव्हा सासूबाई मोबाईलवर घेतलेलं टॉर्चचं ॲप लावून देवघराखाली गेलेली काडेपेटी शोधत होत्या. मदतीला वाकले तर फोनच्या वरच्या कोपऱ्यात, बॅटरीजवळ, मोहरीएवढा हिरवा ठिपका.

"आई, हा कसला?"

"टॉर्च लावला की येतो. असू दे."

असू कसा देणार? अँड्रॉइड 12 आलं 2021 मध्ये, तेव्हापासून एखादं ॲप कॅमेरा किंवा माइक वापरत असलं की हा ठिपका उगवतो. पूर्वी टॉर्चच्या ॲपला फ्लॅश पेटवायला कॅमेऱ्याचीच परवानगी लागायची, हे खरं. पण अँड्रॉइड 6 नंतर ती गरज उरली नाही. आणि माइक? कॉन्टॅक्ट? सेटिंगमध्ये बघितलं, सगळ्याला होकार दिलेला. वरून बोट ओढलं की फोनचा स्वतःचा टॉर्च असतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आमचीच चूक.

त्या ॲपनं काही चोरलं का, मला माहीत नाही. काढून टाकलं.

कॅमेऱ्याची परवानगी न देताही ॲपचं भागू शकतं म्हणा. 2019 मध्ये चेकमार्क्स या सॉफ्टवेअर-सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी हवामानाचं एक साधं ॲप बनवून दाखवलं होतं. त्यानं मागितली फक्त स्टोरेजची परवानगी. गूगलच्या कॅमेरा ॲपमधल्या फटीतून ते फोन लॉक असतानाही फोटो काढायचं, व्हिडिओ करायचं. फोन कानाला लागलाय हे सेन्सरवरून ओळखून दोन्हीकडचं बोलणंही टिपायचं! फट गूगलनं त्याच वर्षी जुलैमध्ये बुजवली, पण अपडेट करणाऱ्यांपुरती. सासूबाईंच्या फोनवर अपडेटची सूचना आली की त्या ती बाजूला सारतात, नेट संपतं म्हणून.

हे ऐकून त्या आत गेल्या आणि पुढच्या कॅमेऱ्यावर मरून टिकली लावून आल्या. झकरबर्गच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावरची पट्टी 2016 मध्ये जगानं फोटोत बघितली, आमच्याकडे टिकली. मागचे तीन कॅमेरे आणि माइक उघडेच, पण मी बोलले नाही.

रविवारी नणंदेचा व्हिडिओ कॉल आला. "आई, अंधारात काय बसलीयेस?" टिकली सोलून कपाटाच्या आरशावर गेली, गप्पा झाल्यावर परत फोनवर. आता तिचा गोंद गेलाय. काल बाजारातून येताना त्यांनी मरून टिकल्यांची दोन पाकिटं आणली, एक माझ्या फोनसाठी.