विंचूकाट्यावरचा श्रमपरिहार

अनंत चतुर्दशीची मिरवणूक झाली, मांडव उतरला, ढोल सैल करून खोलीत रचले, की आमच्या मंडळात एकच विचारणा सुरू व्हायची, "लोहगडाचा रविवार कुठला?" बाकीच्या मंडळांचा श्रमपरिहार जेवणावळीने व्हायचा, आमचा गडावर. शक्यतो पितृपंधरवड्यातलाच रविवार धरायचो. पाऊस ओसरलेला, सोनकीच्या रानफुलांनी पठारं पिवळी झालेली, आणि ताशा वाजवणाऱ्या पोरांच्या बोटांवरचे फोड अजून सुकायचे असायचे.

शिवाजीनगरहून सकाळची लोणावळा लोकल पकडायची आणि मळवलीला उतरायचं. एक्सप्रेसवेवरचा पूल ओलांडून भाज्याच्या वाटेला लागायचं. वाट मंडळातल्या अण्णांनी ठरवलेली होती. भाज्याहून विसापूरचा किल्ला, तिथून गायमुख खिंडीत उतरून लोहगड, आणि परत भाज्याला उतरायचं ते खिंडीतल्या थेट वाटेने. ज्या वाटेने चढलो त्या वाटेने उतरायचं नाही. यामागे त्यांचा पक्का हिशोब होता. आल्या वाटेने परतायचं असलं की चार जण हमखास म्हणतात, "आम्ही इथेच बसतो, येताना घ्या आम्हाला." गोल वाटेवर ती सोयच नाही. त्यामुळे जो सगळ्यात हळू चालतो त्याच्या चालीने सगळं मंडळ चालायचं. उत्सवात जे अध्यक्ष, जे पथकप्रमुख, ते इथे कुणाची तरी सॅक उचलून मागे राहायचे. मला या सहलीतलं सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर हेच.

विसापूरच्या पायऱ्या म्हणजे ओढाच. मोडलेल्या दगडांवरून पाणी उतरत असतं आणि आपण त्यातूनच चढायचं. वाटेत कातळात कोरलेला मारुती लागतो, तिथे नारळ फुटायचा. वर आलं की अफाट पठार, लांबलचक तटबंदी, पाण्याची टाकी आणि चुन्याच्या घाण्याचं ते भलंमोठं दगडी चाक. धुकं असलं की अण्णा कुणाला दहा पावलंही एकटं सोडायचे नाहीत. विसापूर लोहगडापेक्षा उंच, आणि दोघांच्या मध्ये फक्त खिंड. १८१८ साली इंग्रजांनी आधी विसापूर घेतला, मग लोहगड टिकणं शक्यच नव्हतं. विसापूरचे दरवाजे त्यांनी उडवून दिले. शेजारच्या लोहगडाचे चारही दरवाजे मात्र आजही उभे आहेत. एका दिवसात दोन्ही पाहिले की पोरांना इतिहास वेगळा शिकवावा लागत नाही.

लोहगडवाडीत एका घरी आधीच सांगून ठेवलेलं पिठलं-भाकरी आणि खरडा. ओसरीवर पंगत बसायची, पोरं वाढायला. मावशी तव्यावरची भाकरी थेट ताटात टाकायच्या आणि म्हणायच्या, "खा रं बाळांनो, अजून गड चढायचाय." मग गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. वरच्या बुरुजावरून खाली पाहिलं की त्या वळणावळणाच्या वाटेत शत्रूला कसं कोंडत असतील ते दिसतं. नाना फडणवीसांनी बांधलेलं सोळा कोनी तळं ओलांडून गेलं की विंचूकाटा.

विंचूकाट्यावर जायला आधी कातळाचा एक छोटा टप्पा उतरावा लागतो. तिथे आमच्यातली दोन थोराड पोरं पाय रोवून उभी राहायची आणि एकेकाला हात देऊन उतरवायची. पुढे दोन्ही बाजूंनी तुटलेली, लांब चिंचोळी माची. डावीकडे पवनेचं भरलेलं धरण, त्याच्यापलीकडे तुंग आणि तिकोना. उजवीकडे इंद्रायणीचं खोरं, हिरव्या खाचरांमधून जाणारी रेल्वे, आणि पलीकडच्या डोंगरात कार्ल्याची लेणी नि एकवीरा आई. दोन नद्यांच्या मधल्या धारेवर आपण उभे असतो. वारा असा की बोललेलं शेजारच्यालाही ऐकू जायचं नाही.

आणि तिथेच, माचीच्या आडोशाला, उत्सवाचा हिशोब वाचला जायचा. खजिनदार प्लास्टिकच्या पिशवीतून वही काढायचे. पावत्या उडू नयेत म्हणून वर धोंडा ठेवायचा. वर्गणी, मांडव, रोषणाई, विसर्जनाचा ट्रॅक्टर, एकेक रक्कम मोठ्याने. सुरतेची लूट ज्या गडावर आणून ठेवली होती, तिथे मंडळाच्या पैशाचा हिशोब द्यायचा म्हणजे आवाज आपोआप खणखणीत व्हायचा. कुणाचं काही म्हणणं असेल तर ते तिथेच मांडायचं. खाली उतरल्यावर तो विषय काढायचा नाही, हा दंडक होता आणि तो पाळला जायचा. मिरवणुकीत एकमेकांशी बोलणं तोडलेले दोघे मी त्या खडकावर एकाच पेल्यातून ताक पिताना पाहिलेत. पुढच्या वर्षीचा अध्यक्षही तिथेच ठरायचा. त्याच्या डोक्याला गुलाल नाही, सोनकीचं फूल लावायचे.

आता अण्णा थकले, चढत नाहीत. पण वाट तीच आहे, गोल. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यात लोहगड आहे म्हटल्यावर त्या वर्षी पोरांनी सहलीला रिकामी पोती बरोबर घेतली आणि उतरताना वाटेवरच्या बाटल्या-पिशव्या गोळा केल्या. पोत्यांचा खर्च मी वहीत लिहिला. खजिनदारी सध्या माझ्याकडे आहे.