०.७५२ वरचा डिप

"सर, स्प्लिट झालं!" विद्यार्थिनीने ग्राफ पुढे केला. नमुन्यातून टेराहर्ट्झ लहरी किती पार जातात याचा तो ग्राफ; ०.६८ आणि ०.७५ टेराहर्ट्झला दोन डिप, म्हणजे पार जाणं घटल्याच्या खाचा. १ मिलिमीटर सिलिकॉनवर २०० नॅनोमीटर जाड सोन्याच्या स्प्लिट रिंगच्या (एका जागी गॅप असलेल्या कड्यांच्या) जोड्या, दोन रिंगमध्ये ३ मायक्रॉन अंतर. कपलिंगने, म्हणजे रिंग एकमेकींशी जोडल्या गेल्या की, एका अनुनादाचे (रिंगच्या स्वाभाविक कंपनाचे) दोन होतात, म्हणून ती खुशीत होती.

मला खटकलं. दोन्ही रिंग हुबेहूब, गॅप एकाच बाजूला, किरण सरळ वरून. विद्युतक्षेत्र दोघींना एकाच तालात हलवतं. एकमेकींविरुद्ध झुलण्याचा जो दुसरा मोड (कंपनाची रीत), त्याला ढकलणारं इथे काहीच नाही. म्हणजे डिप सरकेल, फुटणार नाही.

नमुना ९० अंशांत फिरवला. विद्युतक्षेत्र गॅपच्या आरपार लागत नसेल तर रिंगचा हा मोड उठतच नाही. ०.६८ चा डिप गेला, ०.७५ चा जागेवर. ती पाण्याच्या वाफेची ०.७५२ ची रेषा होती.

नमुन्याच्या मापाला ज्याने भागतो तो कोऱ्या सिलिकॉनचा रेफरन्स, पेटीत अर्धा तास नायट्रोजन सोडून (पर्ज करून) घेतलेला. मग नमुना ठेवायला पेटी उघडली, जुलैतली मुंबईची हवा आत शिरली, आणि सिलिंडर वाचवायला पाचच मिनिटं पर्ज. भागाकारात वाफ कटलीच नाही. खरं तर ही रेषा सुईसारखी बारीक, लगेच ओळखू येते. पण १ मिलिमीटर सिलिकॉनमधला प्रतिध्वनी सुमारे २३ पिकोसेकंदांनी येतो, म्हणून विंडो, म्हणजे सिग्नलचा वापरलेला काळ, २२ ला कापलेली. त्यामुळे रिझोल्यूशन (किती बारीक फरक दिसतो ते) ४५ गिगाहर्ट्झ, आणि सुई फुगून अनुनादासारखी दिसली. ०.५५७ आणि ०.९८८ लाही खाचा होत्या, पण ग्राफ ०.६ ते ०.९ एवढाच छापलेला! असा कापलेला ग्राफ मी यापुढे बघणार नाही. आधी पूर्ण पट्टा, मग झूम.

आर्द्रता ३ टक्क्यांखाली आणून पुन्हा मोजलं, तेव्हा एकच डिप उरला, ०.६८. एकट्या रिंगचा ०.७१. कपलिंग या ३० गिगाहर्ट्झच्या सरकण्यात होतं, आणि आम्ही फुटणं शोधत बसलो. डिपचं केंद्र रिझोल्यूशनपेक्षा बारीक वाचता येतं, फक्त पुन्हापुन्हा मोजून तेच यायला हवं.

तरी ते ३० सगळे जोडीचेच, असं म्हणवत नाही. एकट्या रिंगच्या नमुन्यात युनिट सेल (नक्षीचा पुन्हापुन्हा येणारा घटक) तीच ठेवली होती, म्हणजे रिंगची दाटी निम्मी. आजूबाजूच्या रिंगचा हातभार त्यात किती, ते अजून सुटलेलं नाही. नव्या मास्कमध्ये (रिंग छापायच्या साच्यात) जोडीतली एक रिंग ९० अंशांत वळवली आहे. क्षेत्र एकीलाच धरेल, दुसरीला ऊर्जा पहिलीकडूनच मिळेल. अंतरं ३, ६, १२ आणि २४ मायक्रॉन. तिथे दोन डिप दिसायला हवेत, अर्थात कपलिंग अनुनादाच्या रुंदीपेक्षा मोठं भरलं तर.