आमची वाटचाल : चौरस फुटाला काय घेता?

"चौरस फुटाला काय घेता?" फोन उचलला की पहिला प्रश्न आजही हाच. या प्रश्नाला शेड बांधणाऱ्या आमच्या फर्मने एका आकड्यात उत्तर कधीच दिलं नाही, आणि त्यापायी बरीच कामं हातची गेली. पण आमच्या हातून उभ्या राहिलेल्या एकाही शेडच्या पर्लिनला, म्हणजे छपराचा पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या पाइपला, झोल आलेला नाही, हे मी छातीला हात लावून सांगतो. ज्यांनी फोनवरच दर सांगितला, त्यांच्या शेड आज कशा दिसतात ते त्या शेडखाली उभं राहूनच बघावं.

आम्ही घरामागच्या मोकळ्या जागेत वर्कशॉप बांधून देतो. लेथवर लोखंड कातणारे, सुतार, वेल्डर, मोटर रिवाइंडिंग करणारे, असं आमचं गिऱ्हाईक. स्वतःच मालक, स्वतःच कारागीर, आणि आयुष्यभराची शिल्लक या एका बांधकामात घालणारं. अशा माणसाचं काम अंदाजपंचे करायचं नाही, हे आम्ही पहिल्या दिवसापासून ठरवलं होतं.

सुरुवातीला आमच्याकडे एक वेल्डिंग मशीन, पाइप कापायचं एक कट-ऑफ, दोन ग्राइंडर, मोठा गुण्या, ओळंबा आणि पाण्याची लेव्हल ट्यूब एवढाच संसार होता. ती ट्यूब अजून आहे. आता लेसर लेव्हल आली, तरी जोत्याची चारही टोकं मी ट्यूबनेच पडताळतो. ट्यूब भरताना पाणी एका टोकाने सावकाश सोडावं. आत हवेचा बुडबुडा राहिला की लेव्हल चुकलीच म्हणून समजा. भरल्यावर दोन्ही टोकं शेजारी-शेजारी धरून पाणी एका रेषेत येतं का ते आधी बघावं, मग कामाला लागावं. काटकोनासाठी ६, ८ आणि १० फुटांचा त्रिकोण दोरीने धरायचा आणि शेवटी दोन्ही कर्ण मोजायचे. १६ बाय २४ च्या शेडचा कर्ण २८ फूट १० इंच येतो. एक कर्ण २८-१० आणि दुसरा २८-८ आला, तर खड्डा खणायला हातच लावायचा नाही. तिथली दोन इंचांची चूक वर पत्रा टाकताना पायरी-पायरीने कापत बसावी लागते.

आमचं पहिलं नावारूपाला आलेलं काम लेथवाल्या काकांचं. काका भाड्याच्या गाळ्यात सहा फुटी लेथ चालवायचे आणि घरामागे स्वतःचं वर्कशॉप हवं म्हणून आले. येतानाच आकार ठरवून आले होते : १२ बाय १६. मी विचारलं, हा आकार आला कुठून? म्हणाले, तेवढ्यात लेथ बसते, ड्रिल बसतं, एक टेबल बसतं.

बसतं हे खरं. पण माणूस यंत्राभोवती फिरतो, माल यंत्राच्या आतून-बाहेरून जातो, त्याची जागा कोण धरणार? मी आखणीच्या पांढऱ्या फक्कीची पिशवी उघडली आणि त्यांच्या अंगणात १२ बाय १६ चा चौकोन आखला. आत लेथ आखली, ड्रिल आखलं, टेबल आखलं. मग त्यांच्या हातात दहा फुटी सळई दिली आणि म्हटलं, ही आता लेथच्या पोकळ फिरत्या दांड्यातून, स्पिंडलमधून घाला. सळईचं मागचं टोक लेथच्या डाव्या टोकातून पार भिंतीच्या रेघेबाहेर गेलं. काका थांबले. सळई उभी धरून वळायला गेले तर टेबलाची रेघ पायाखाली आली. मग त्यांनी स्वतःच पायाने रेघा पुसल्या आणि म्हणाले, "मालक, पुन्हा आखा." शेवटी आकार ठरला १६ बाय २४.

तिथे खर्चाचं गणित कसं चालतं ते बघा, कारण आमच्या सगळ्या धंद्याचा कणा हाच आहे. १२ बाय १६ म्हणजे १९२ चौरस फूट आणि भिंत ५६ रनिंग फूट. १६ बाय २४ म्हणजे ३८४ चौरस फूट आणि भिंत ८० रनिंग फूट. जागा दुप्पट झाली, भिंत मात्र दीडपटसुद्धा झाली नाही. दरवाजा तोच, मीटरपासून येणारी केबल तीच, अर्थिंगचा खड्डा तोच, माल आणून टाकायचं भाडं जवळपास तेच. मग चौरस फुटाचा दर लहान शेडला आणि मोठ्या शेडला सारखा येईलच कसा? एकच दर लावला की मोठा शेडवाला त्यात फसतो किंवा लहान शेडला बांधणारा माल चोरतो. तिसरा मार्ग मला तरी आजवर दिसलेला नाही.

आकारातही फरक आहे. ४८० चौरस फूट हवे असतील तर २० बाय २४ ला ८८ फूट भिंत लागते, १२ बाय ४० ला १०४. म्हणून कोणी सगळं चौरस करायला निघेल, तर तेही चालत नाही, कारण रुंदी महाग पडते. छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैचीचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, १६ फुटांचा २४ केला की गाळा दीडपट होतो, पण फुटाला तेवढाच भार धरला तरी तिला वाकवणारा जोर सव्वादोनपट होतो. लांबी वाढवायची तर आणखी एक खण, म्हणजे दोन कैच्यांमधला भाग, जोडला की झालं : एक कैची, दोन कॉलम, थोड्या पर्लिन. म्हणून रुंदी कामाला लागेल तेवढीच घ्यावी आणि वाढ लांबीत ठेवावी. काकांच्या शेडला आम्ही मागची बाजूही पूर्ण कैची आणि कॉलम देऊन उभी केली, भिंतीवर पर्लिन टेकवली नाही. तेव्हा शेजारचे म्हणाले, लोखंड वाया घालवतोय. त्या कैचीची गोष्ट पुढे येईलच.

आणि हो, २० फुटांचा नाद सोडा. बाजारात पाइप येतो सहा मीटरचा, म्हणजे १९ फूट ८ इंच. शेड पुरी २० फूट लांब म्हणालात की प्रत्येक पर्लिनला चार इंचांचा जोड मारत बसा. साडेएकोणीस म्हणालात की जोडच नाही. गिऱ्हाइकाला सहा इंचांनी काहीही फरक पडत नाही, पण हे कागदावर कुणीतरी सांगावं लागतं.

उंचीचंही तेच. सुतार म्हणतो, आठ फूट पुरे, कारण प्लायची शीट आठ फुटांची. पण आठ बाय चारची शीट उभी-आडवी फिरवताना तिचा कर्ण मधे येतो, आणि तो जवळजवळ नऊ फूट आहे. ट्यूबलाइट आणि पंखा त्याच्याही वर हवेत. टेबल सॉ असेल तर शीटच्या लांबीएवढी जागा करवतीच्या पुढे आणि तेवढीच मागे ठेवा, म्हणजे १६ फूट तिथेच गेले. चेनब्लॉक लावायचा असेल तर तुळई, हुक, साखळी आणि पट्टा यांची उंची वजा करून काय उरतं ते मोजा. बारा फुटी शेडमध्ये इंजिन टेम्पोवरून उचलता येत नाही म्हणून कपाळाला हात लावलेले लोक मी पाहिलेत.

नंतरची काही वर्षं सुरळीत गेली. माणसं वाढली, दोन वेल्डर कायमचे झाले.

मग बाजारात तो आला. नाव घेत नाही, धंद्यातले ओळखतील. आधी आमच्याच साइटवर माल टाकायला यायचा, आमची ड्रॉइंग बघायचा, कैचीची मापं विचारायचा, आणि आम्ही मोकळेपणाने सांगायचो. वर्षाच्या आत त्याने स्वतःची पाटी लावली आणि खाली मोठ्या अक्षरांत दर लिहिला : चौरस फुटाला इतके, सर्व समाविष्ट. त्या 'सर्व'मध्ये काय-काय नव्हतं ते गिऱ्हाइकाला शेड उभी राहिल्यावर कळायचं. जमिनीचा काँक्रीटचा कोबा नव्हता. पन्हळ नव्हती. वायरिंग नव्हतं. १६ बाय २४ ला चार इंची काँक्रीट म्हणजे १२८ घनफूट आणि यंत्र जड म्हणून सहा इंच केलं तर १९२ घनफूट. त्याखाली भराव, धुम्मसने ठोकणं, दगडांचं सोलिंग वेगळं. लोखंडाचा ढाचा डोळ्यांना दिसतो म्हणून लोक त्याचा भाव करतात. जमिनीखाली जाणारा पैसा कोणी विचारत नाही, आणि घर गहाण पडतं ते तिथे.

त्याची एक शेड मी नंतर आतून पाहिली. गिऱ्हाइकानेच बोलावलं होतं, छत खाली येतंय म्हणून. कागदावर ५० बाय ५० चा पाइप, २ मिलिमीटर जाडीचा. एका मोकळ्या टोकाचा रंग मी पटाशीने खरवडला आणि जाडी मोजायला व्हर्नियर लावलं. १.६ आला. सहा मीटरचा २ मिलिमीटरचा पाइप साधारण १८ किलो भरतो, १.६ चा साडेचौदा. वजनात पाचवा हिस्सा लोखंड गायब, आणि वरून जाड ऑइल पेंट. कॉलमच्या तळाच्या बेसप्लेटखाली सिमेंटचं ग्राउट नाही, नुसत्या पाचरी. मोठं शटर वाऱ्याच्या बाजूला आणि तिरप, म्हणजे ढाचा हलू न देणारा तिरका पाइप, एकाही खणात नाही. शटर उघडं असलं की वारा आत शिरून पत्रा खालून उचलतो, वरचा वारा वरून ओढतो. हे साधं ज्ञान ज्याला नाही, त्याने लोकांच्या डोक्यावर छप्पर घालू नये. त्या गिऱ्हाइकानेही आमचं कोटेशन आधी घेतलं होतं आणि 'तुम्ही महाग' म्हणून परत केलं होतं.

म्हणून माझा सल्ला घ्या : लोखंड घेताना वजनकाट्याची पावती मागा. पाइपच्या जाडीवर भांडू नका. एकूण वजन मागा, जाडी आपोआप कळते.

त्याच काळात आमच्यावर खरा प्रसंग गुदरला. एका मोठ्या कंपनीने आपल्या कामगारांना घरी सुटे भाग बनवता यावेत म्हणून एकसारख्या शेडची ऑर्डर दिली. आमच्यासाठी ती फारच मोठी होती. भाव ठरला, करार झाला, उचल मिळाली, आणि माल उचलायच्या आत लोखंड भडकलं. कंपनी म्हणाली, करार म्हणजे करार. ठीक आहे. आम्ही पाइपचा एक मिलिमीटरसुद्धा उतरवला नाही. ठरलेली जाडी, ठरलेली तिरप, ठरलेला कोबा, सगळं दिलं. शेवटचा हप्ता मागायला गेलो तर आज साहेब नाहीत, उद्या फाइल वर आहे. तो हप्ता आजही आमच्या वहीत बाकी आहे.

माल देणाऱ्याने उधारी बंद केली. आमचे दोन्ही वेल्डर त्याने, त्याच पाटीवाल्याने, जास्त रोज देऊन नेले, आणि बाजारात पसरवलं की आम्ही दुकान आवरतोय. त्यावर विश्वास ठेवून ज्यांनी दिलेली उचल परत मागितली, त्यांची उचल आम्ही परत केली, पैन् पै. कट-ऑफ मशीन विकायला काढलं होतं. घरात दागिना उरला नव्हता.

तेव्हा लेथवाले काका आले. खुर्चीवर बसले नाहीत. उभ्या-उभ्या पिशवीतून नोटा काढल्या आणि म्हणाले, "मागे दोन खण वाढवायचेत. लोखंडाचे सगळे पैसे हे धरा. पत्रा पुढच्या वर्षी टाका, घाई नाही." त्यांना तेव्हा वाढीव जागेची गरज नव्हती, हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. त्या पैशांतून माल देणाऱ्याची उधारी फिटली आणि गाडा पुन्हा चालू लागला. काकांचं काम मी स्वतः उभं केलं. मागच्या कैचीला कुठे करवत लावावी लागली नाही की कुठे भिंत फोडावी लागली नाही. पर्लिनची क्लीट, म्हणजे ती बोल्टने धरायचा लोखंडी तुकडा, आधीपासून वेल्ड करून ठेवली होती, बोल्ट घातले आणि शेड पुढे सरकली. वाया घालवलेलं लोखंड म्हणणारे शेजारी ते बघायला उभे होते.

तेव्हापासून आमचं कोटेशन चार भागांत जातं. जमिनीखालचं, ढाचा आणि छप्पर, दारं-खिडक्या-भिंती, आणि वीज. प्रत्येकात माप वेगळं, वजन वेगळं, मजुरी वेगळी. लोखंडाचा भाव सात दिवसच ग्राह्य. शेवटच्या पानावर या कामात काय धरलेलं नाही त्याची यादी असते : परवानगीची फी, जुनं झाड किंवा टाकी हलवणं, मीटरचा लोड वाढवणं, यंत्राचा स्वतंत्र पाया. यंत्राच्या पायाभोवती फटीचा जॉइंट सोडावा, कोब्याशी एकजीव करू नये, नाहीतर हादरे सगळ्या जमिनीत फिरतात. विजेचे पाइप कोब्याआधी टाकावेत आणि एक रिकामा पाइप जास्तीचा टाकावा, त्याची किंमत नगण्य आहे आणि नंतर जमीन फोडायची किंमत मोठी. सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून सोडायची मोकळी जागा, आधी मोजावं. वळचण शेजाऱ्याच्या हद्दीत एक वीत गेली तरी शेड पूर्ण होऊनही वाद संपत नाहीत. आणि हातात असलेल्या सगळ्या पैशांची शेड बांधू नये. निदान केबल, रॅक आणि पहिल्या महिन्याचा कच्चा माल यांचे पैसे बाजूला काढून मगच आकार ठरवावा. पैसे कमी पडत असतील तर खण कमी करा, पाइपची जाडी कमी करू नका.

काकांची लेथ आता त्यांचा मुलगा चालवतो, शेजारी दुसरी लेथ आली आहे. त्यांच्याकडे आलेल्या दर नव्या माणसाला काका छताकडे बोट दाखवून आमचा नंबर देतात. आमच्या निम्म्या कामांचा उगम तिथे आहे.

पाटीवाल्याचा धंदाही चालू आहे, आमच्यापेक्षा मोठ्या जागेत. त्याचं एक कोटेशन परवा एका गिऱ्हाइकाने मला दाखवलं. चार भाग, सात दिवसांची मुदत, शेवटी 'या कामात धरलेलं नाही' अशी यादी. मधले शब्दसुद्धा आमचेच. पाइपच्या वजनाचा रकाना तेवढा त्याने गाळला आहे.