अडीच हजारांत भागतं का? तुम्ही विचारलंत म्हणून

ऑक्टोबर 2025 पासून संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचे दीड हजाराचे अडीच हजार झाले. तेव्हापासून कळव्यात जो भेटतो तो आधी अभिनंदन करतो आणि मग विचारतो, ‘आता भागतं ना?’ अहो, मला ते मिळतच नाहीत. वाढ व्हायच्या आधीच माझे बंद झाले.

वाढ रास्तच आहे. शेअर रिक्षाच्या दाटीत माझा कॅलिपर (पायाला आधार देणारा लोखंडी साचा) मावत नाही. तुम्ही एका सीटचे पैसे देता तिथे मला अख्खी रिक्षा करावी लागते, मीटर 26 रुपयांपासून सुरू. पण कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 50 हजारांच्या आत हवं, ही अट आहेच. म्हणजे महिन्याला चार हजार दोनशेसुद्धा नाहीत. लाडक्या बहिणीसाठी हीच मर्यादा अडीच लाख. (बहिणींना मिळतात त्याबद्दल तक्रार नाही.)

भावाला गोडाऊनमध्ये नोकरी लागली, त्या वर्षी मी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी गेलो. खिडकीतल्या साहेबांनी रेशनकार्डावर त्याच्या नावाखाली पेन टेकवलं.

‘हा कोण?’

‘धाकटा भाऊ.’

‘कमावतो?’

‘हो.’

साहेब माणूस वाईट नव्हते. आवाज खाली आणून म्हणाले, ‘मग याचं नाव काढा की. तुम्ही आणि आई, दोघंच दाखवा.’

भाऊ माझी कुबडी धरून शेजारीच उभा होता. एरवी कुणाचं ऐकून घेणार नाही, पण तिथे गप्प. जिना उतरताना म्हणाला, ‘दादा, काढ ना नाव. नुसता कागद तर आहे.’ मी त्याच्यावर इतका खेकसलो की लोक वळून बघायला लागले.

नाव काढलं नाही, अनुदान बंद झालं. तत्त्व वगैरे म्हणू नका. आईला काय सांगायचं, हे सुचलं नाही म्हणूनही असेल.

माझा एसटीडी बूथ चालायचा तेव्हा मी छाती काढून सांगायचो, अनुदान घेणं म्हणजे लाचारी. बूथ मोबाइलनं खाल्ला. आज चाळिशी उलटल्यावर रिचार्जलाही भावाकडे पैसे मागतो. तो कधी नाही म्हणत नाही, तेच जास्त लागतं. त्या बूथवाल्याला विचारावंसं वाटतं, मग ही लाचारी नाही तर काय रे? तो म्हणेल, घरच्यांकडे मागण्यात कसली लाज. ते तरी खोटं कुठे आहे?

भावाचं लग्न ठरलंय. नवं रेशनकार्ड काढायचा विषय आता तसाही निघणार. आईला अजून काही बोललो नाहीये.