न्यू जर्सीत घर, मॅनहॅटनमध्ये नोकरी: कर कोणाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेतही मला हाच प्रश्न विचारला जातो. घर न्यू जर्सीत आणि ऑफिस न्यूयॉर्कमध्ये असेल, तर एकाच पगारावर दोन्ही राज्यांना कर भरावा लागतो का? बेळगावात राहून कोल्हापुरात नोकरी करणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही, कारण भारतात पगारावरचा प्राप्तिकर केंद्राचा असतो; अमेरिकेत मात्र केंद्राच्या कराखेरीज बहुतेक राज्ये आपापला प्राप्तिकर लावतात.

रिटर्न दोन्हीकडे भरावे लागते. आधी न्यूयॉर्कचे अनिवासींसाठीचे आयटी-२०३ आणि मगच न्यू जर्सीचे एनजे-१०४०, कारण न्यूयॉर्कला किती कर लागला हे कळल्याशिवाय न्यू जर्सीत मिळणारे क्रेडिट, म्हणजे न्यूयॉर्कला भरलेल्या करापोटी न्यू जर्सीच्या करातून मिळणारी वजावट, काढता येत नाही. पहिल्या वर्षी मी उलट क्रमाने गेलो आणि सगळे पुन्हा करत बसलो. हे क्रेडिट त्या उत्पन्नावर न्यू जर्सीने जेवढा कर आकारला असता तेवढ्यापुरतेच मिळते. न्यूयॉर्कचा कर त्याहून जास्त निघाला तर वरचा फरक आपल्याच खिशातून जातो. थोडक्यात, कर दोनदा नाही, पण दोघांतला जो जड तो. माझी पत्नी न्यू जर्सीतच, न्यू ब्रन्सविकमध्ये नोकरी करते. न्यूयॉर्क आधी आमच्या दोघांच्या एकूण उत्पन्नावर कर काढते आणि मग त्यातला न्यूयॉर्कच्या कमाईच्या प्रमाणातला भाग मागते. म्हणजे तिच्या पगाराला ते हात लावत नाही, पण त्या पगारामुळे माझा दर चढतो.

न्यूयॉर्क शहराचा वेगळा कर बाहेरून येणाऱ्यांवर १९९९ पासून नाही, तेव्हा डब्ल्यू-२ वर (कंपनीकडून मिळणारे वर्षभराच्या पगाराचे आणि कापलेल्या कराचे पत्रक) तो कापलेला दिसला तर कंपनीच्या पगार विभागाला लगेच विचारावे. पेनसिल्व्हेनियात नोकरी असणाऱ्यांचे बरे आहे: दोन्ही राज्यांच्या करारामुळे पगारावरचा राज्याचा कर फक्त राहत्या राज्याला जातो. फिलाडेल्फिया शहराचा पगारावरचा कर मात्र त्या करारात येत नाही.

बहुतेकांची चूक होते ती घरून केलेल्या कामात. ऑफिस न्यूयॉर्कमध्ये असेल आणि घरून काम करणे ही मालकाची गरज नसून तुमची सोय असेल, तर ते दिवसही न्यूयॉर्क आपलेच मानते. कनेक्टिकटमध्ये राहणारे कायद्याचे प्राध्यापक एडवर्ड झेलिन्स्की या नियमाविरुद्ध न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००३ मध्ये हरले. न्यू जर्सीने २०२३ मध्ये जशास तसे न्यायाने असाच नियम केला, शिवाय न्यूयॉर्कशी भांडून कर परत मिळवणाऱ्या आपल्या रहिवाशाला, त्यामुळे न्यू जर्सीला जो जादा कर द्यावा लागेल त्यातला निम्मा सोडण्याचीही तयारी दाखवली. मला हा नियम अन्यायाचा वाटतो. जे रस्ते आणि शाळा मी वापरतो ते न्यू जर्सीचे. पण रिटर्न भरताना माझ्या वाटण्याला रकाना नाही.

एका वर्षी पुण्याला आईकडे राहून तीन आठवडे काम केले, तेही दिवस न्यूयॉर्कच्याच खात्यात गेले. कंपनीने डॅलसच्या ग्राहकाकडे पाठवलेले चार दिवस तेवढे मला बाहेरचे दाखवता आले. टेक्सासमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही, त्यामुळे त्या चार दिवसांच्या पगारावर राज्याचा कर फक्त न्यू जर्सीने घेतला. त्या विमानाची तिकिटे मी अजून फाइलमध्ये जपून ठेवली आहेत.