12 इंचांवरचं नाक

प्लास्टिक सर्जन म्हटलं की लोकांना नट्या आठवतात. इथे कोल्हापुरात माझा दिवस जातो तो शिरोली एमआयडीसीत प्रेसखाली सापडलेल्या बोटांत आणि गुऱ्हाळावर उकळत्या रसानं भाजलेल्या हातांत. अलीकडे मात्र ओपीडीत कॉलेजच्या मुली फोन पुढे धरूनच आत येतात.

मंगळवारी कागलकडची 22 वर्षांची मुलगी आली, सोबत आई. "नाक पसरट आहे, बारीक करायचंय." नमुना म्हणून तिचाच फिल्टर लावलेला फोटो. मी तपासलं. हाड सरळ, पडदा सरळ, श्वास मोकळा. सुरी लावावी असं काहीच नव्हतं.

मग फोटो काढले. यात मी कुणाचं ऐकत नाही. मागे निळा पडदा, कॅमेरा 5 फुटांवर, कानाचं भोक आणि डोळ्याखालच्या हाडाची कड एका आडव्या रेषेत. समोरून, दोन्ही बाजूंनी, तिरके, खालून. हसायचं नाही. नंतर तिलाच सेल्फी काढायला लावली आणि दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. सेल्फीत कॅमेऱ्याला सगळ्यात जवळ नाकच असतं, म्हणून ते फुगतं आणि कान मागे पडतात. 2018 साली अमेरिकेतल्या सर्जननी याचं गणितच मांडलं: 5 फुटांवरून दिसतं त्यापेक्षा 12 इंचांवरून नाक जवळजवळ 30 टक्के रुंद दिसतं.

तिला पटलं. मग म्हणाली, "पण मॅडम, मला सगळे 12 इंचांवरूनच बघतात."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आईनं सांगितलं, दोन स्थळांनी व्हॉट्सॲपवर फोटो मागवला आणि पुढे काही कळवलंच नाही. ही कुठली रीत? नाही तरी सांगावं माणसानं.

मी ऑपरेशनला नकार दिला. धास्ती वेगळीच आहे. नाक 'शार्प' करून देतो म्हणत पार्लरमध्येही फिलर, म्हणजे कातडीखाली भरायचं जेल, टोचतात. ते रक्तवाहिनीत गेलं तर कातडी काळी पडते, डोळाही जाऊ शकतो. हे दोघींना दोनदा बजावलं. मुलगी मान खाली घालून ऐकत होती. तिनं "हो" म्हटलं नाही, हे मला दिवसभर खुपलं.

दारातून आई परत वळली. "मग बायोडाट्याला कुठला फोटो लावायचा ओ, मॅडम?"

मी पोरीला पुन्हा पडद्यासमोर उभं केलं. तेच 5 फूट. म्हटलं, आता हस. तिला बराच वेळ लागला.