नव्वद नंबरचं ऑइल

झोप लागत नाहीये म्हणून लिहितेय. कारण सांगितलं तर कुणीही हसेल. गाडी गळत होती आणि मला माहीत नव्हतं. बस, एवढंच.

पीयूसीचा कागद शोधायला पिकअपच्या सीटमागे हात घातला, तर ताडपत्रीखाली एक कॅन. नव्वद नंबरचं गिअर ऑइल, तळाशी थोडं उरलेलं. शेजारी सॉसची मऊ बाटली, तिच्या तोंडाला सलाइनची नळी घट्ट बसवलेली आणि नळीवर काळी चिकट बोटं उमटलेली. म्हणजे हे एखाद्या वेळचं काम नाही, कुणीतरी सवयीनं करतंय. केबिनमध्ये कुबट वास यायचा तोही याचाच. या ऑइलमध्ये गंधक असतं, त्याचा तो वास. मी आपली ड्रायव्हर आप्पांना सांगत होते, कुठंतरी टोमॅटो सडलाय, बघा जरा. आणि आप्पा खरंच सीटखाली वाकून बघायचे! वर म्हणायचे, "नाही सापडला ताई."

विचारलं, हे काय आहे?

"ऑइल आहे."

ते मलाही दिसतंय. कशाला?

"असू द्यावं गाडीत." आणि दोर बांधायला निघून गेले. दोर आधीच बांधलेला होता.

मग मीच जुना ड्रेस घालून, पुठ्ठा अंथरून गाडीखाली शिरले. मागच्या एक्सलच्या मधोमध तो मोठा गोळा असतो ना, डिफरन्शियलचा, त्याच्या तोंडाशी, जिथं पुढून प्रोपेलर शाफ्ट येऊन जोडलाय, तिथं सगळं ओलं. खाली थेंब लोंबत होता. पण खरी गंमत वर होती. शाफ्ट फिरताना ऑइल उडून हौद्याच्या तळाला एक सरळ आडवा काळा पट्टा उमटला होता, एवढा जाड की नखानं खरवडला तर धूळ-ऑइलचा लगदा सोलून निघाला. असला पट्टा एका आठवड्यात होत नाही.

गाडी माझी आहे. आरसीवर माझं नाव, हप्ते माझ्या खात्यातून गेले, आणि शेवटचे हप्ते कसे गेले ते माझं मला माहीत. डिझेलची वही मी लिहिते. त्या वहीत पंक्चर आहे, टोल आहे, पिंपळगावला जोपूळ रोडवर मार्केटच्या रांगेत थांबल्यावरचे आप्पांचे चहा-मिसळसुद्धा आहेत. नव्वद नंबर कुठंही नाही. मग तो आला कुणाच्या पैशानं?

ते गॅरेजमध्ये कळलं. म्हणजे कुणी सांगितलं नाही, मिस्त्रींच्या तोंडून निसटलं. आडगाव नाक्याच्या पुढं गाडी नेली. (त्यासाठी नाशिकच्या द्वारका चौकातून जायचं म्हणजे अर्धा दिवस तिथंच, त्यात सिंहस्थाची कामं, ते जाऊ दे.) मिस्त्री खाली बघून म्हणाले, "आणली का शेवटी? नाना म्हणाले होते, सीझन उरकू दे, तोवर आप्पा भरत राहील."

नाना म्हणाले होते. माझे वडील.

म्हणजे आप्पांना माहीत. नानांना माहीत. मिस्त्रींना माहीत. बहुतेक त्या पान्हे देणाऱ्या पोऱ्यालाही माहीत, कारण तो माझ्याकडे न बघता हसत होता. आणि मी तिकडे शेतकऱ्यांना फोनवर सांगतेय, गाडीची काळजी करू नका, गाडी एकदम टकाटक.

राग कशाचा आला ते नीट लिहिते, नाहीतर उद्या मलाच वाटेल उगाच चिडले. हे गळत होतं पिनियनच्या सीलमधून, म्हणजे शाफ्ट त्या गोळ्याला जोडतो तिथल्या रबरी कडीतून. हीच गळती चाकाकडच्या सीलची असती तर ऑइल ड्रममध्ये जाऊन ब्रेकच्या लायनरवर आलं असतं. हीच गाडी वाशीचा माल घेऊन कसारा घाट उतरते. 80 क्रेट, 20 किलोचा एकेक, वर माणसं वेगळी. आणि ऑइल आत कमी पडलं असतं तर क्राउन-पिनियन, म्हणजे आतली दातांच्या गिअरची जोडी, कोरडे घासले असते. त्यांचे दात गेले की एकटा पिनियन बदलून भागत नाही, जोडीच टाकावी लागते. हे सगळं मी आप्पांना ऐकवलं. ते म्हणाले, "म्हणून तर भरत होतो ना."

याला काय उत्तर आहे?

मुद्दा घाटाचा नव्हताच, हे आता अंथरुणात कळतंय. आप्पा गाडीखाली जाऊन बोटानं ऑइल मोजत होते, लेव्हल प्लगच्या भोकात बोट घालून. एवढी काळजी गाडीची घेतली गेली. मला कुणी विचारलं नाही, एवढंच राहतं. मी काय ओरडले असते? ठीक आहे, ओरडले असते. पण नाना काय लोकांवर कमी ओरडायचे? त्यांना सांगायचेच सगळे. डिझेल संपण्याआधी सांगायचे, आप्पांच्या पोरीचं लग्न ठरण्याआधी सांगायचे. मला बिल आल्यावर सांगतात. दादा असता तर त्याला सांगितलं असतं का, असंही मनात येऊन गेलं. दादाचा विषय नको.

मिस्त्रींचं काम मात्र बघत राहिले. त्यांनी आधी भरायचा वरचा प्लग सैल करून बघितला आणि मगच खालचा ड्रेनचा खोलला. मी विचारलं, असं उलटं का? म्हणाले, "वरचा गंजून बसला असला आणि खालून सगळं ऑइल काढून टाकलं, तर मग भरता कुठून?" ड्रेन प्लगच्या लोहचुंबकावर राखाडी मऊ गाळ होता. तो बोटावर घेऊन त्यांनी उजेडात चोळला. चुरा चालतो, कपच्या निघाल्या असत्या तर रडायचं होतं. कपच्या नव्हत्या. मग फ्लँज, म्हणजे शाफ्ट ज्याला जोडतो ती चकती, धरून वर-खाली, मागं-पुढं हलवून बघितला. ढिला असता तर बेअरिंग गेलेलं, आणि मग नवं सील घालणं म्हणजे पैसे पाण्यात. हलला नाही. नट सोडायच्या आधी नटावर आणि पिनियनच्या टोकावर पंचानं एकेक ठिपका मारला, बाहेर किती आटे दिसतात ते पोऱ्याला मोजायला लावलं. परत नट तिथंच आला पाहिजे, जोर लावून पुढं गेला तर बेअरिंगवर दाब वाढतो आणि गाडी कण्हायला लागते.

जुनं सील टामीनं उपटून निघालं. त्याची रबराची कड इतकी कडक झाली होती की नखानं दाबल्यावर तुकडाच पडला. फ्लँजच्या गळ्यावर, जिथं ती कड वर्षानुवर्षं घासली होती, तिथं बारीक चरा पडलेला. मिस्त्रींनी माझं बोट धरून तिथून फिरवलं, नख अडकलं. नवं सील नेमकं त्याच चऱ्यावर बसलं तर परत गळणार, म्हणून ते पूर्ण आत न ठोकता जरासं बाहेर बसवलं. त्याची कड आता कोऱ्या धातूवर फिरेल. पुढच्या वेळी फ्लँज बदलावा लागेल, हे त्यांनी मला सांगितलं. मला! मी वहीत लिहूनही घेतलं.

आणि मग तो ब्रीदर. एक्सलच्या वर टोपीसारखं बारीक तोंड असतं. चालून चालून आतलं ऑइल तापतं, हवा फुगते, ती तिथून बाहेर पडायची. आमचा मातीनं गच्च. पावसात टोमॅटो उचलायला गाडी थेट बांधापर्यंत घालायची म्हटल्यावर दुसरं काय होणार? मिस्त्रींनी तोंड लावून फुंकलं, हवा जाईना. तारेनं टोचल्यावर मातीचा एक सुबक गोल खडा बाहेर आला. दोष नुसता सीलचा नव्हता, म्हणाले, वरून वाट बंद झाली, की तो दाब जिथं मऊ लागेल तिथून ऑइल ढकलतो. नुसतं सील बदलून पाठवलं असतं तर गाडी महिन्याभरात परत आली असती.

यावर मला काहीतरी मोठं सुचायला लागलं होतं, वाट बंद झाली की वगैरे. तेवढ्यात मिस्त्रींनी बिल सांगितलं आणि ते राहिलं. बिल वाशीच्या एका फेरीच्या भाड्याएवढंही नव्हतं. एवढ्यासाठी कट केला या लोकांनी!

तिथं मला हसूच आलं. आप्पा घाबरले, त्यांना वाटलं रडतेय.

येताना गाडीत आप्पा आपणहून बोलले. पाथर्डी फाट्यापर्यंत गप्पच होते. मग म्हणाले, "नाना रोज विचारतात ताई. गाडी आली की गॅलरीतून हाक मारतात, आज काय आवाज करत होती का. काय सांगू मी? काहीच नाही म्हटलं की आत जाऊन बसतात." मग एक दिवस खरंच सांगण्यासारखं निघालं. नानांनी खाली यायचा हट्ट धरला, आप्पांनी हात धरून आणलं. खुर्चीवर बसून नानांनी थेंब बघितला, वास घेतला आणि निदान केलं, पिनियन सील. बरोबर केलं. कॅनचे पैसे त्यांच्या पेन्शनीतले. "म्हणाले, तिला सांगू नको, ती लगेच गॅरेजला नेईल."

नेलीच असती.

मी नानांना काही विचारलं नाही. रात्री पानावर बसले तेव्हा त्यांनीच विचारलं, गाडी कुठं होती दिवसभर? आडगावला म्हटलं. "हं." मग बराच वेळ आमटीत भाकरी कुस्करत राहिले आणि एकदम म्हणाले, "ब्रीदर बघितला का त्यांनी?" बघितला म्हटलं, चोंदला होता. एवढं समाधान मी त्यांच्या तोंडावर त्या ऑपरेशननंतर बघितलं नव्हतं. मला म्हणाले, "वाटलंच मला." वाटलं होतं तर बोलायचं ना! पण नाही बोलले मीही. भाकरी वाढली.

तरी ते खुपतंच. खोटं कशाला लिहू? समजलं म्हणून खुपायचं थांबतं असं कुठाय? माझ्याच अंगणात, माझ्याच गाडीखाली हे दोघं दुपारचे डोकी घालून बसत होते आणि मी आत जीएसटीच्या पावत्या लावत होते. खिडकी उघडी असणार. एकदाही कसं ऐकू आलं नाही?

गाडी आता कोरडी आहे. पुठ्ठा टाकून ठेवलाय खाली, रोज सकाळी बघते, डाग नाही. आप्पांना मात्र मी जे बोलले ते भलतंच लागलंय. "इथून पुढं गाडीचं बारीकसारीक काहीही असो, पहिला फोन मला" असं मी ठणकावून सांगितलं होतं. तेव्हापासून पहाटे फोन सुरू. हॉर्न बसका वाजतोय ताई. वायपर एका बाजूनं रेघ सोडतोय ताई. डाव्या दाराची काच चढताना कुरकुरते, ऐकवू का? आणि खरंच फोन काचेला लावून ऐकवली. आज साडेपाचला, अजून दूध यायचं होतं, तेव्हा कळलं की आरशाचा एक स्क्रू ढिला आहे.

मी म्हटलं, आप्पा, हे नानांना सांगा.